यंत्राच्या हाती देण्यापूर्वी



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकनियंत्रित यंत्रांचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु निबंध तपासताना गुरुजी आधी विरामचिन्हे पाहत आणि मग कल्पना. आज मला बोलायचे आहे तेही एका चिन्हाविषयीच.

लेथ आणि मिलिंग यंत्रे पूर्वी कारागिराच्या हाताने चालत. १९५२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत छिद्रे पाडलेल्या फितीवरील आकड्यांनी चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले आणि हाताची जागा लिखित आज्ञेने घेतली. या आज्ञांची भाषा कमालीची मितभाषी आहे. ‘जी ००’ म्हणजे हत्यार पूर्ण वेगाने हलव. ‘जी ०१’ म्हणजे ठरवून दिलेल्या गतीने सरळ रेषेत काप. ‘जी ०२’ आणि ‘जी ०३’ या वर्तुळखंडाच्या आज्ञा.

आता ते चिन्ह. काम संपल्यावर हत्यार १०० मिलिमीटर वर उचलावे, असे लिहावयाचे आहे. काही नियंत्रकांवर १०० या आकड्यापुढे दशांशचिन्ह दिले तर अर्थ शंभर मिलिमीटर. विसरले तर शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. हत्यार केसभरच उचलले जाते आणि पुढच्या ओळीत पूर्ण वेगाने आडवे धावते. वाटेत पकड असेल तर हत्यार तुटते, कधी यंत्राचा कणाही दुखावतो. अनुस्वार गळला तरी वाचक संदर्भाने अर्थ लावून घेतो. यंत्र तसे सांभाळून घेत नाही.

आज हत्याराचा मार्ग संगणकच आखतो आणि ‘पोस्ट-प्रोसेसर’ नावाचा दुभाषा तो त्या त्या यंत्राच्या बोलीत उतरवतो. पडद्यावरची रंगीत तालीम मात्र पुष्कळदा या भाषांतरापूर्वीच्या मार्गाची असते. मूळ संहिता निर्दोष असूनही भाषांतर फसू शकते, हे साहित्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. म्हणून तपासावयाची ती यंत्राच्या हाती पडणारी अखेरची प्रत. शिवाय ज्या पकडीची माहिती संगणकाला दिलेली नाही, तिच्यावरची धडक त्याला दिसत नाही. ‘जी ००’ची वाटही नेहमी सरळ नसते, अनेक यंत्रांत प्रत्येक अक्ष आपापल्या वेगाने धावतो आणि मार्ग मध्येच वाकतो. यासाठीच जाणता कारागीर पहिली फेरी धातूला न शिवता हवेत काढतो, एकेक ओळ चालवतो, बोट थांबवण्याच्या बटणावर ठेवतो आणि पहिला नग मोजल्याखेरीज दुसरा लावत नाही. १५५६ साली ज्या गोव्यात छापखाना आला, तेथील माणसांना मुद्रितशोधनाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागू नये.

हे येथे सांगण्याचे कारण आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणींचे काम थांबले, तेव्हा डिचोलीच्या कित्येक घरांपुढे ट्रक उभे राहिले. एकाच धंद्यावर विसंबण्याची किंमत आपण मोजली आहे. डिचोलीच्या किंवा पेडण्यातील तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा आपला मुलगा केवळ बटण दाबणारा राहणार, की आज्ञा वाचून ‘ही ओळ चुकली आहे’ असे म्हणणार? प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेली मुले पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांपुढे दबतात, तेथे छापून आलेले ते बरोबरच असणार असे मानतात. ही भीती शाळेतच जावयास हवी.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. नववीच्या मुलांना अशा आज्ञांच्या वीस ओळी द्याव्यात, त्यांत एक चूक मुद्दाम ठेवावी आणि आलेखकागदावर पेन्सिलीने मार्ग काढावयास सांगावे. पेन्सिल जेथे पकडीवर आदळेल, तेथे चूक आपोआप सापडेल. गुरुजींच्या लाल शाईचे काम मुले स्वतःच करू लागतील, आणि त्यांना तेच अभिप्रेत होते.