सासर मॉरिशसला



माझ्या नवऱ्याचं घर मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या एका गावात आहे. तो शिकायला पुण्यात आला, लग्नही पुण्यातच झालं, आणि गेल्या वर्षी गणपतीला मी पहिल्यांदा सासरी गेले. निघताना जो तो म्हणायचा, "अगं, तीही मराठीच माणसं. परदेश कसला तो?" या बोलण्यामागची माया मला कळते, पण ते मला पटत नाही. तो परदेशच आहे, आणि माझ्या सासरच्यांचा तो स्वतःचा देश आहे.

विमानतळावरून निघालं की दोन्ही अंगांना ऊस लागतो. त्या उसातून मधूनच काळ्या दगडांचे उंच ढीग वर आलेले दिसतात. बेट ज्वालामुखीचं, जमीन धोंड्यांनी भरलेली. ते धोंडे उपसून रचले आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी, आणि पुढे हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या मजुरांनी. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. त्याच्या आदल्याच वर्षी मजुरांची जहाजं यायला लागली होती. बिहार आणि आसपासच्या भोजपुरी मुलखातली माणसं त्यांत सर्वांत जास्त. मद्रासकडची होती, आणि मुंबई बंदरातून चढलेली आपली कोकणातलीही. माझ्या नवऱ्याचे पूर्वज त्यांतलेच.

घरात सगळं बोलणं क्रिओलमध्ये. रागावणं, लाडावणं, शेजारणीशी गप्पा, सगळं. सासूबाईंची मराठी देवापुढची. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी लोणी लावलेल्या पावात गरम गातो पिमां घालून माझ्या हातात दिले आणि "मान्जे, मान्जे" म्हणत समोर बसून राहिल्या. वाटलेल्या डाळीत मिरची आणि कांद्याची पात घालून तळलेले ते वडे. माझं खाऊन होईपर्यंत त्यांनी स्वतः काही खाल्लं नाही.

गणेशोत्सवाची तिथे सरकारी सुट्टी असते. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. आरत्या सगळ्यांना पाठ, लहान मुलांनासुद्धा. पण मला सांगायचंय ते रात्रीच्या झाकरीबद्दल. आपल्या रत्नागिरीकडची जाखडी ती. मी पुण्यात वाढले. जाखडी कधी जवळून पाहिली नव्हती. मधे ढोलकीवाला आणि गाणारे, भोवती फेर, पायांत घुंगरू. नणंदेनं मला ओढून फेरात घेतलं. एक पाऊल आत टाकायचं, लगेच मागे यायचं, वळताना कमरेत वाकायचं, आणि ठेका वाढला की श्वास पुरत नाही. माझ्या शेजारी नाचणारी मुलगी शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी शिकते, घरी क्रिओल बोलते, आणि ही पावलं तिला आजीनं शिकवलेली. तिच्या चेहऱ्यावर जुनं काही जपतोय असा भाव मुळीच नव्हता. तिच्या गावचा सण होता, ती नाचत होती.

पुढे सासऱ्यांनी मला पोर्ट लुईला आप्रवासी घाट दाखवला. १८४९ पासून मजूर याच आवारात उतरवले जायचे. २००६ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. बंदराकडच्या त्या सोळा पायऱ्या सासरे हळूहळू चढले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दफ्तरं ठेवलेली आहेत. तिथून त्यांनी आपल्या पूर्वजाच्या नोंदीची प्रत मिळवली होती. नाव, बापाचं नाव, वय, उंची, कपाळावर व्रण. त्या माणसाचं नाव हेच आज आमच्या घराचं आडनाव आहे. तिथल्या बऱ्याच घरांचं असंच झालंय. गावाचं नाव मात्र कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कागद माझ्यापुढे धरला, "तू वाच." मला त्यात दोन गावं दिसली. एक राजापूरकडचं, दुसरं लांज्याजवळचं.

येत्या मे महिन्यात सासू-सासरे दोघं इकडे येताहेत. आधी राजापूर, मग लांजा, असं ठरलंय. कोकणात जास्त दिवस राहा म्हणून मी फोनवर आग्रह केला, पण बाबा ऐकायला तयार नाहीत. जूनमध्ये तिकडे ऊसतोड सुरू होते, आणि त्यांना आपल्या शेतावर वेळेत पोचायचंय.