पेन्शनीतला हवालदार



माजी सैनिकांच्या दापोलीतल्या या साहित्य संमेलनात स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. तुमच्यापैकी बरेच जण रात्रभर एसटीत अवघडून आले आहेत आणि उतरल्या उतरल्या आमच्या थंडीने त्यांना सलामी दिली आहे. काहींची सोय शाळेच्या वर्गांत केली आहे. बराकीत उमर काढलेल्यांची त्याबद्दल माफी मागणं मला जरा विचित्रच वाटतं. पांघरूण कमी पडलं तर कार्यालयात या. लगेच मिळेल, फक्त रजिस्टरवर सही करावी लागेल. ही सवय काही जात नाही.

स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी सांगायची असा रिवाज आहे. मुरुडचे महर्षी कर्वे, पालगडचे साने गुरुजी, चिखलगावचं टिळक घराणं ही नावं इथल्या प्रत्येक मांडवात घेतली जातात आणि ती घ्यायलाच हवीत. पण या मांडवाचा पहिला मान मी एका हवालदाराला देणार आहे.

या गावाचं जुनं नाव कॅम्प दापोली. 1818 साली पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी इथे लष्करी ठाणं वसवलं. पुढे पलटणी हलल्या, ठाणं मोडलं, पण पेन्शनर राहिले. हवा मानवणारी, मुलूख आपला, आजूबाजूला पलटणीतलेच शेजारी. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर आधी इथेच येऊन राहिले. त्यांच्या थोडं आधी, 1886 मध्ये, हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर दापोलीत आले. मूळचे महाडकडचे, जातीने महार, विचाराने जोतीराव फुल्यांचे.

पेन्शनीत आलेल्या माणसाने काय करावं? पारावर बसावं, नातवंडं खेळवावी, दर महिन्याला पैसे घेऊन यावेत. या गृहस्थांनी लेखणी उचलली. ‘दीनबंधू’त लिहिलं, आगरकरांच्या ‘सुधारका’त लिहिलं. ‘विटाळ विध्वंसन’ काढलं. त्याला कोणी मासिक म्हणतात, कोणी पुस्तिका म्हणतात. अभ्यासकांनी तो वाद खुशाल घालावा. मला त्याची बांधणी महत्त्वाची वाटते, कारण ते सारं प्रश्नांच्या रूपात आहे. विटाळ कुठून आला, कोणत्या आधारावर आला, तुम्ही तो आम्हालाच का लावता, हे शास्त्र जाणणाऱ्यांनी सांगावं. ना शिवीगाळ, ना रडगाणं. चौकशी अधिकाऱ्याने समोरच्याला एकेक प्रश्न विचारत भिंतीपर्यंत मागे न्यावं, तशी ती लिहिण्याची तऱ्हा.

ही तऱ्हा आली कुठून? माझ्या मते पलटणीतून. त्या काळी गावच्या शाळेत महाराच्या पोराला ओटीवरसुद्धा जागा मिळणं कठीण होतं. लष्करात मात्र शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या. सुभेदार रामजी स्वतः अशाच शाळेत वर्षानुवर्षं शिकवत होते. तेव्हा जी अक्षरओळख गावाने नाकारली ती फौजेने दिली, आणि तिच्याबरोबर हुद्दा, पगार आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलण्याची सवयही दिली. मग एक दिवस पेन्शन झाली, माणूस घरी आला आणि पाहतो तर विहीर होती तशीच लांब. वर्दीतला हवालदार आणि गावातला महार एकाच अंगात राहू शकत नव्हते. वलंगकरांच्या लेखणीचा जन्म या कोंडीतला आहे. लढाईच्या आठवणींनी त्यांना लिहितं केलं असतं तर कदाचित आज ते आपल्या अधिक ओळखीचे असते. अशा आठवणींना वाचक लवकर मिळतो.

नेमक्या याच सुमारास हा झराच आटला. इंग्रजी सेनापतींच्या डोक्यात ‘लढाऊ जाती’चं खूळ शिरलं आणि 1890 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद झाली. ज्या जातीने कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, तिला एकाएकी लढता येत नाही असं ठरलं. 1894 मध्ये वलंगकरांनी आपल्या ‘अनार्य दोष-परिहारक मंडळी’च्या वतीने सरकारला विनंतिपत्र लिहिलं. इथे जरा थांबून पाहण्यासारखी एक गंमत आहे. मंडळीचं नाव अनार्य, आणि विनंतिपत्रात दावा असा की आम्ही मूळचे क्षत्रिय. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी कधी सरकारात अर्ज केला नसावा. मी पलटणीत कारकून होतो. रजेचे, बदलीचे, बढतीचे, पेन्शनीतल्या तफावतीचे अर्ज लिहिण्यातच माझा जन्म गेला. अर्ज कोणाच्या टेबलावर जाणार आहे आणि त्या टेबलामागचा माणूस कशाला मान देतो, हे लिहिणाऱ्याला आधी कळावं लागतं. ज्यांच्या हाती भरती होती त्यांना क्षत्रिय हा शब्द समजत होता. वलंगकरांनी तो वापरला.

भरती काही उघडली नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडलीही गेली. आजची महार रेजिमेंट 1941 ची, बेळगावात उभी राहिलेली. वलंगकर 1900 मध्येच वारले होते. त्याआधी 1895 मध्ये सरकारने त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं, तेव्हा तिथल्या सवर्ण सभासदांना ते रुचलं नाही. त्याच महाडला 1927 मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तिथल्या परिषदेत बाबासाहेबांनी या भागातल्या लष्करी पेन्शनरांची आठवण काढली होती, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

आणखी एक गोष्ट मला राहून राहून खुणावते. वलंगकर शास्त्राला प्रश्न विचारत होते त्याच दशकात इथल्या एका वकिलांचा मुलगा दापोलीच्या शाळेत शिकत होता. पांडुरंग वामन काणे. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला आणि ते भारतरत्न झाले. एका गावात प्रश्न विचारणारा हवालदार आणि ग्रंथ धुंडाळणारा पंडित. काण्यांचं नाव शाळकरी पोरही सांगेल. हवालदाराचं सांगणारे किती, ते हात वर करून पाहायला मला धीर होत नाही.

आपल्या पंक्तीत आणखीही मंडळी आहेत. कॅप्टन गो. गं. लिमये डॉक्टर म्हणून फौजेत गेले आणि विनोदी लेखक म्हणून मराठीला मिळाले. त्यांचं ‘सैन्यातील आठवणी’ मिळालं तर जरूर वाचा. मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट कर्नल मनोहर माळगावकर जगलबेटच्या जंगलात राहून इंग्रजीत कादंबऱ्या लिहीत राहिले. पण हे दोघे अधिकारी. त्यांच्या लेखनाला बैठक होती, छापणारे होते. हवालदाराला तसं काही नव्हतं, म्हणून मी त्याच्याजवळ जास्त रेंगाळलो. अधिकारी मंडळींनी राग मानू नये.

कार्यक्रमपत्रिकेत दुपारी एक सत्र आहे, ‘माझा अर्ज’. त्यात सोबत्यांनी सरकारात केलेले जुने अर्ज जसेच्या तसे वाचायचे आहेत. हे साहित्य कसं, असं समितीतच दोघा-तिघांनी विचारलं. बैठकीत बराच वेळ खडाजंगी झाली. शेवटी सत्र ठेवलं, कारण सर्वांत जास्त नावं त्याच सत्रासाठी आली होती. वीरपत्नींना पहिली पाळी दिली आहे; त्यांच्याइतके अर्ज आपल्यापैकी कोणीच केलेले नाहीत.

जेवण एक वाजता, मागच्या मंडपात. संध्याकाळी ज्यांना हर्णैचा मासळीचा लिलाव पाहायचा आहे त्यांनी चहाच्या वेळी नाव द्यावं, गाडी चार वाजता सुटेल आणि ती कोणासाठी थांबणार नाही. आता मी अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी सूत्रं हाती घ्यावीत.

जय हिंद.