हरलेल्या डावातली सुरुवात

परभणीत काय नि जिंतूर-सेलूत काय, बुद्धिबळ शिकायला बसलेलं पोर हमखास विचारतं, 'कोणत्या सुरुवातीनं जिंकता येतं?' सुरुवात कुणाला जिंकून देत नाही. पुढची लढाई कशी होणार, एवढंच ती ठरवते. म्हणून निकाल बघून तिला जोखू नये. १८५५ सालचा कलकत्त्याचा एक डाव घ्या. पांढरी मोहरी जॉन कॉक्रन या बॅरिस्टरांची, काळी महेशचंद्र बंदोपाध्याय यांची. महेशचंद्रांनी आधी राजाकडचा घोडा काढला, मग त्या बाजूचं घोड्याचं प्यादं एकच घर सरकवलं, तिसऱ्या चालीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं नेलं आणि उंट घोड्याच्या प्याद्यामागच्या फटीत बसवला. मधली घरं पांढऱ्याला घेऊ द्यायची आणि लांबून पोखरायची, असा हा बेत. आपल्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. प्यादं हळूच सरकवून मागं उंट बसवायची सवय त्यातूनच आली असावी. मुंबईत १८१४ साली निघालेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या पुस्तकाला तर नावातच 'युरोपीय पद्धतीनुसार' असं सांगावं लागलं होतं, इतक्या या दोन पद्धती वेगळ्या.

डाव महेशचंद्र हरले, तोही देखणेपणानं. कॉक्रननी घोड्यानं दुहेरी शह दिला, राजा कोपऱ्यात गेला, मग वजीर देऊन काळ्या हत्तीला राजाशेजारी ओढलं आणि घोड्यानंच कोंडून मात केली. आता ही सुरुवात टाकाऊ म्हणायची? १९२२ साली व्हिएन्नात ग्रुनफेल्डनं अलेखाइनला हरवलं ते याच सुरुवातीनं, आणि आज ती ग्रुनफेल्डच्याच नावानं चालते. (नाव कुणाच्या पदरात पडावं, याचा न्याय पटावर होत नाही.)

कुणी म्हणेल, हल्ली संगणक चाली सांगतो, पाठ केल्या की झालं. नाशिकच्या विदित गुजराथीनं २०२४ साली टोरांटोत, कॅन्डिडेट्स स्पर्धेत, अकराव्या चालीला उंट देऊन नाकामुराला नमवलं, ते घरच्या तयारीवरच ना? तयारी होतीच. पण उंट दिल्यावर समोरचा आपल्या पाठांतराप्रमाणं खेळत नाही. तिथून हल्ला पुढं न्यायचा तर उंट कशासाठी दिला हे कळलेलं लागतं. तेव्हा डाव अभ्यासताना तो कुठं फिरला तिथं पेन्सिलीनं खूण करावी. महेशचंद्रांच्या डावात ती सतराव्या-अठराव्या चालीपाशी पडते. पहिल्या चार चालींपाशी नव्हे.