कॉक्रेन, महेशचंद्र आणि नोंदीची वही

बुद्धिबळाच्या इतिहासाचा नाद असलेली चार माणसं एकत्र बसली की समोर पट मांडलेला असतोच असं नाही. जुन्या मासिकांची पानं असतात, झिजलेल्या बांधणीचं एखादं पुस्तक असतं, आणि गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी येऊन थांबतात एकाच प्रश्नापाशी: हे कुणी पाहिलं, आणि लिहून कधी ठेवलं? त्या गप्पांमधले मला आवडणारे काही विषय आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिला विषय सोन्याच्या नाण्यांचा. 1912 साली ब्रेस्लाऊ इथे अमेरिकेचा फ्रँक मार्शल रशियाच्या लेवित्स्कीशी खेळत होता. मार्शलने आपला वजीर अशा घरात नेऊन ठेवला, की तो मारायला प्रतिस्पर्ध्याकडे तीन वाटा होत्या आणि तिन्ही वाटांवर नाशच होता. लेवित्स्कीने डाव सोडला. पुढे मार्शलने स्वतःच लिहिलं, की ती खेळी पाहून प्रेक्षकांनी पटावर सोन्याची नाणी उधळली. आता गप्पांना रंग चढतो. एक जण म्हणतो, ही खुशीची उधळण होती. दुसरा म्हणतो, छे, पैजेत हरलेल्यांनी आपले पैसे चुकते केले. तिसरा विचारतो, त्याच आठवड्यातल्या कुठल्या वर्तमानपत्रात हे आलंय का? या वादात कुणी कुणावर रागावत नाही. खेळी तर सर्वांनाच मान्य आहे, कारण ती डावाच्या नोंदीत आहे. वाद आहे तो नोंदीबाहेरच्या गोष्टीचा.

दुसरा विषय आपल्या फार जवळचा. हा खेळ भारतातला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण किती जुना? सर विल्यम जोन्स यांनी 1790 साली भारतीय बुद्धिबळावर एक निबंध छापला. त्यात चौघांनी फासे टाकून खेळायच्या चतुरंगाचं वर्णन होतं आणि ते भविष्यपुराणातलं असल्याचं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यावरून कॅप्टन कॉक्स यांनी तर्क केला, की चौघांचा खेळ आधीचा आणि दोघांचा त्यातून निघाला. डंकन फोर्ब्स यांनी 1860 मध्ये त्यावर मोठा ग्रंथच रचला आणि खेळाचं वय पाच हजार वर्षांपर्यंत नेलं. हे वाचायला आपल्याला गोड वाटतं. पण 1870च्या दशकात हॉलंडचे व्हान डर लिंडे आणि जर्मनीचे संस्कृत पंडित वेबर यांनी मूळ पोथ्या तपासल्या. तो उतारा पुराणात नव्हताच. तो मिळत होता बंगालच्या रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्व’ या ग्रंथात, आणि रघुनंदन तर जेमतेम सोळाव्या शतकातला. फोर्ब्सची सगळी इमारत बसली.

यात आपल्याला वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त, म्हणजे सातव्या शतकात, हर्षाच्या राज्याचं वर्णन करताना चतुरंग आणि अष्टापद, म्हणजे आठ बाय आठचा पट, यांवर श्लेष केलेला आहे. श्लेष कळायचा तर ऐकणाऱ्याला खेळ ठाऊक हवा. हा एक पुरावा फोर्ब्सच्या पाच हजार वर्षांहून मला मोलाचा वाटतो, कारण तो हलत नाही.

हे सगळं एका जागी तोलून मांडलं हॅरल्ड मरे यांनी. ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे, त्यांचे हे चिरंजीव. व्यवसायाने शिक्षक, मग शाळा तपासनीस. बुद्धिबळावरच्या अरबी पोथ्या वाचता याव्यात म्हणून ते अरबी शिकले. त्यांचा ‘अ हिस्टरी ऑफ चेस’ हा नऊशे पानांचा ग्रंथ 1913 साली निघाला, आणि आजही या विषयातलं कुठलंही बोलणं त्याला वळसा घालून पुढे जात नाही.

मरे यांच्या ग्रंथात एक नाव येतं: नीलकंठ. काशीत राहणारे हे धर्मशास्त्री सतराव्या शतकातले. यमुना आणि चंबळेच्या संगमाजवळच्या भरेह इथल्या भगवंतदेव नावाच्या राजासाठी त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा, म्हणजे भागांचा, ग्रंथ लिहिला, आणि त्यातल्या ‘नीतिमयूखा’त राजनीतीच्या जोडीने बुद्धिबळही समजावून सांगितलं. मध्ये राजा आणि मंत्री, त्यांच्या बाजूंना उंट, मग घोडे, आणि कोपऱ्यात हत्ती. म्हणजे आपण घरी मांडतो तोच पट. घोडा एकाही घरात दोनदा न जाता चौसष्ट घरांतून कसा फिरवायचा, तेही त्यांनी दिलं आहे. आता हे नीलकंठ कोण? मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातले. नारायणभट्टांचे नातू, शंकरभट्टांचे पुत्र. आणि 1674 साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्यांनी केला, ते गागाभट्ट याच घराण्यातले, नात्याने नीलकंठांचे चुलतपुतणे. ‘व्यवहारमयूख’ हा याच बारा मयूखांतला एक. भारतरत्न पां. वा. काणे यांनी त्याचं संपादन केल्यामुळे नीलकंठांचं नाव कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी मुलांना मात्र ते क्वचितच कुणी सांगतं.

दख्खनशी नातं सांगणारे पुरावे आणखीही आहेत. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाला स्वतंत्र जागा आहे. 1814 साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, त्यांच्याच संस्कृत ग्रंथावरून. 1871 मध्ये औरंगाबादच्या हरिकृष्णांनी ‘क्रीडाकौशल्य’ लिहिलं, त्यातही हा खेळ आहे. पोथ्या आहेत, नियम आहेत, डावाच्या अखेरच्या अवघड स्थिती सोडवून दाखवलेल्या आहेत. नाहीत ते डाव. अमक्या दिवशी अमका तमक्याशी खेळला, पहिली खेळी ही, शेवटची ही, असं काही नाही.

आणि इथेच मला महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याकडे यायचंय.

जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर. 1821 साली फ्रान्समध्ये देशापेल आणि लाबुर्दोने या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य खेळाडूंशी ते खेळले होते. पुढे लंडनमध्ये हॉवर्ड स्टाँटन यांच्याशीही त्यांचे पुष्कळ डाव झाले. वकिलीच्या निमित्ताने ते कलकत्त्यात होते आणि तिथे त्यांना तोडीचा खेळाडू मिळत नव्हता. अशात कलकत्त्यात खेळणाऱ्या इंग्रजांपैकी एकाला सुट्टीवर असताना मुफस्सलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, एका ब्राह्मणाचं नाव ऐकू आलं. तो कधी हरलेला नाही, असं लोक सांगत. त्याची गाठ कॉक्रेनशी घालून देण्यात आली. हेच महेशचंद्र.

त्यांना देशी खेळ येत होता. तो आजच्यापेक्षा वेगळा होता, आणि तो नीट समजल्याशिवाय पुढची गंमत कळत नाही. देशी खेळात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा, आणि तेही आधी शह बसलेला नसेल तर, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवा तो मोहरा मिळत नाही. ज्या मोहऱ्याचं ते घर, तोच मिळतो. एका बाजूला नुसता राजा उरला की डाव बुर्जी, म्हणजे बरोबरीचा, होऊन थांबतो. अशा खेळात घाईने मध्यावर धाव घेता येत नाही. प्यादी हळूहळू पुढे सरकवून तटबंदी बांधायची, उंटाला कडेने वाट करून द्यायची, आणि शत्रू जवळ आला की मग तोडायचं, ही त्याची रीत.

महेशचंद्रांनी युरोपीय नियम शिकून घेतले, पण ही रीत सोडली नाही. काळी मोहरी घेऊन ते राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवत, त्यामागे उंट आणून बसवत, आणि पटाचा मध्य खुशाल कॉक्रेनला देऊन टाकत. त्या काळच्या युरोपीय खेळाडूला हे अडाणीपणाचं वाटलं असतं. आज जगातले उत्तमोत्तम खेळाडू जो बचाव खेळतात, ज्याला ‘किंग्ज इंडियन’ म्हणतात, त्याची मांडणी नेमकी हीच. 1855च्या सुमाराच्या त्यांच्या एका डावात महेशचंद्रांनी उंटाची ही मांडणी करता करता वजिरापुढचं प्यादंही दोन घरं पुढे टाकून थेट मध्यावर वार केला. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुन्फेल्ड यांनी हीच कल्पना 1922 मध्ये व्हिएन्नात अलेखिनला हरवताना वापरली, आणि बचावाला नाव मिळालं ते ग्रुन्फेल्डचं. मध्ये सदुसष्ट वर्षं गेली होती.

कॉक्रेनही काही कमी नव्हते. 1848च्या एका डावात महेशचंद्रांनी त्यांच्या घोड्याला हुसकावलं. अशा वेळी कुणीही घोडा मागे घेतो. कॉक्रेननी तो पुढे टाकला, थेट राजाशेजारच्या उंटापुढच्या प्याद्यावर. राजाने घोडा मारला. घोड्याच्या बदल्यात मिळाली दोन प्यादी, पण महेशचंद्रांच्या राजाचा किल्लेकोट कायमचा गेला आणि तो पटाच्या मध्यावर उघडा पडला. या बलिदानाला आजही कॉक्रेन गँबिट म्हणतात. 1999 साली लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्हने ते क्रामनिकविरुद्ध खेळून दाखवलं, तेव्हा कलकत्त्यातली ती खेळी दीडशे वर्षांनी पुन्हा जगातल्या अव्वल पटावर आली.

या दोघांचे शेकडो डाव आज आपल्यापाशी आहेत, कारण ते लिहून ठेवले गेले आणि त्यांतले काही इंग्लंडमधल्या मासिकांपर्यंत पोचले. गप्पांत या जागी मी नेहमी थांबतो. या नोंदींमध्ये महेशचंद्रांचं नाव नाना तऱ्हांनी येतं. कधी त्याचं स्पेलिंग वेगळं, कधी नुसताच ‘ब्राह्मण’ असा उल्लेख. पण खेळ पूर्ण आहे. माणूस कसा विचार करत होता, कुठे थांबला, कुठे धाडस केलं, हे खेळी-खेळीने पाहता येतं. कॉक्रेन भेटण्याआधी, आपल्या गावाकडे, आपल्यासारख्याच लोकांशी ते वर्षानुवर्षं खेळले असणार. त्यातला एकही डाव आपल्याला मिळत नाही. ज्यांच्याकडून ते शिकले, ज्यांना हरवत ते मोठे झाले, ते सगळे गेले.

पंजाबच्या सुलतान खान यांचंही काहीसं असंच आहे. देशी खेळावर वाढलेला हा माणूस मालकासोबत इंग्लंडला गेला, 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश विजेतेपदं त्याने जिंकली, आणि हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं. जागतिक बुद्धिबळ संघटनेने 2024 मध्ये त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर केलं, त्यांच्या निधनानंतर अठ्ठावन्न वर्षांनी. हा मान देता आला तो इंग्लंडमधल्या नोंदींच्या बळावर. त्याआधी आपल्या गावी, मिठा तिवाणात, ते कसे खेळत, याचा मागमूस नाही.

आपल्याकडे परिस्थिती पालटली ती स्वातंत्र्यानंतर. 1955 साली आंध्रमधल्या एलुरू इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. 1974च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती खाडिलकर जिंकल्या. मग जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनी ते विजेतेपद घरातच ठेवलं. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी मुलांच्या पिढ्यामागून पिढ्या पटावर बसवल्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत 2025चा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा तिची प्रत्येक खेळी पडताच जगभर दिसत होती. तिच्या बाबतीत शंभर वर्षांनी कुणाला ‘पुरावा कुठे आहे’ असं विचारावं लागणार नाही.

मात्र देशी खेळ अजून माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. महाराष्ट्रातच गावोगावी नियमांत फरक होते. काही ठिकाणी जोर असलेला मोहरा, म्हणजे ज्याच्या पाठीशी दुसरा मोहरा उभा आहे असा, मारताच येत नसे. काही ठिकाणी प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजली जाई. तुमच्या घरात, वाड्यात, देवळाच्या ओवरीत असा खेळ पाहिलेलं कुणी असेल, तर त्यांच्यापुढे एकदा पट मांडा आणि विचारा: राजाची अडीच घरांची उडी कधी घेता यायची? आधी शह बसला असेल तर चालायचं का? प्यादं शेवटाला पोचलं, पण त्या घराचा मोहरा अजून पटावर जिवंत असेल, तर काय करायचं? ते कुणाकडून शिकले, कुठल्या गावी, साधारण कोणत्या साली? ते बोलत असताना वहीत उतरवून घ्या. वर तारीख घाला, गावाचं नाव घाला आणि त्यांचंही.