कटऑफची रेषा नीट समजून घ्या
(संघटनेच्या युवक शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कटऑफ हा शब्द आपल्याला नवा नाही. वनहक्काचे दावे भरताना आपण तो तोंडपाठ केला: १३ डिसेंबर २००५. त्या तारखेच्या आधीपासून जमीन कसत असाल तर दावा बसतो. ती तारीख कायद्यात लिहिलेली आहे, साहेबाच्या मनावर ती हलत नाही.

आता आपली पोरं-पोरी बारावी सायन्स करून डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा देतात. तिथंही कटऑफ आहे. पण तो दरसाल हलतो. आणि तो ओलांडला म्हणजे सीट मिळाली असं नाही. हे न कळल्यामुळे घरं कर्जात जातात. म्हणून आज सावकाश समजून घेऊ.

पहिली गोष्ट, गुण कसे पडतात. प्रश्न १८०. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण. चुकलं तर १ गुण कापतात. सोडून दिलं तर शून्य. एकूण ७२०. म्हणजे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे. दोघांचे गुण सारखे झाले तरी आधी जीवशास्त्रच बघतात. पेपर मराठीतूनही मिळतो, पण फॉर्म भरतानाच तशी भाषा निवडावी लागते.

पोरं विचारतात, अंदाजानं गोळा काळा करावा का? हिशेब करा. चार पर्यायांतले दोन चूक आहेत हे तुला पक्कं माहीत आहे. असे दोन प्रश्न सोडवलेस तर सरासरी एक बरोबर, एक चूक. चार आले, एक गेला, तीन उरले. तिथं उत्तर लिहावं. काहीच माहीत नसेल तर चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर, तीन चूक. हाती उरतो एक गुण, तोही नशिबावर. त्यात वेळ घालवू नका. एकाच प्रश्नाला दोन गोळे केले तर ते उत्तर चुकीचंच धरतात. शेती, फार्मसीसाठी जी राज्याची सीईटी असते तिथं मात्र गुण कापत नाहीत. तिथं एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट, पर्सेंटाइल. हा शब्द टक्क्यासारखा वाटतो, पण टक्का नाही. शंभर पोरं पळाली आणि चाळीस तुझ्या मागं राहिली, तर तू ४० पर्सेंटाइलला. तू किती पळालास याचा हा आकडा नाही, किती जण मागं राहिले याचा आहे. 'नीट'मध्ये आदिवासी पोरांसाठी पात्रतेची रेषा ४० पर्सेंटाइल आहे, खुल्या गटाला ५०. म्हणून रेषा हलते. २०२२ मध्ये आपली रेषा ७२० पैकी ९३ गुणांवर होती, २०२३ मध्ये १०७, २०२४ च्या सुधारित निकालात १२७, २०२५ मध्ये ११३. पेपर अवघड गेला की रेषा खाली, सोपा गेला की वर.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ही रेषा फक्त रांगेत उभं राहायची परवानगी आहे. २०२५ मध्ये देशभरात १२ लाखांवर पोरं पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. मग बाकीच्यांचं काय? राज्यात आपल्यासाठी ७ टक्के जागा आहेत, अखिल भारतीय कोट्यात साडेसात टक्के. त्या गुणांच्या क्रमानं भरतात. शेवटची सीट ज्या गुणांवर थांबली तो खरा कटऑफ, आणि तो ११३ च्या बराच वर असतो. सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या याद्या काढा, एसटीच्या रकान्यात शेवटचं नाव कुठं थांबलं ते बघा. आपल्या पोराचे गुण त्याच्याशी ताडून पाहा.

इथंच दलाल येतो. निकालावर 'पात्र' लिहिलेलं दाखवतो आणि म्हणतो, दादा, पोरगं पास झालं, एवढे पैसे भरा, सीट पक्की. भुलू नका. खाजगी कॉलेजची सीटसुद्धा 'नीट'च्या गुणांवर आणि प्रवेश फेरीतूनच भरते. त्याच्या नादानं जमिनीला तर हातच लावू नका. वनहक्काचा पट्टा वारसानं पोराला जातो, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. सातबाऱ्याची जमीनही कलेक्टरच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला देता येत नाही. जी जमीन लढून मिळवली ती खोट्या सीटसाठी घालवायची नाही.

चौथी गोष्ट, कागद. गुण असूनही जात वैधता नसल्यानं सीट जाऊ शकते. अकरावीतच तपासणी समितीकडं अर्ज टाका. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे आजा-पणजाचे पुरावे लागतात: शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली कागद. यातले काही तुमच्या दाव्याच्या फायलीत आधीच लावलेले असतील. त्यांच्या नकला काढा. आणि फॉर्म भरणारा दुकानदार प्रवर्गात 'जनरल' टाकत नाही ना, ते पोरानं स्वतः डोळ्यांनी बघावं.

यंदा कमी पडले तर पोरीला घरी बसवू नका. बीएएमएस, नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी असे रस्ते आहेत. पुन्हा 'नीट' द्यायची तर तीही देता येते.

आता काम ठरवू. प्रत्येक पाड्यावर अकरावी-बारावीच्या मुलांची यादी करा. वैधता कोणाची झाली, कोणाची राहिली ते लिहा. पुढच्या बैठकीला ती यादी घेऊन या.

दावा आपण अभ्यास करून भरला, तसाच फॉर्मही भरू. जिंदाबाद!