पाण्याने थंड होणारा संगणक आणि आमचा ओटा

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘संगणक’ एवढंच सांगितलं होतं. आम्ही पडलो सरकारी नोकर, तेव्हा ऑनलाइन दाखल्यांवर बोलणार, अशी त्यांची समजूत झाली असावी. तसं नाही. पाण्याने थंड होणारा, खेळ खेळण्याचा एक संगणक आम्ही सिल्वासात, घरच्या घरी, हाताने जोडला, त्याची ही हकीकत आहे. आम्ही म्हणजे बाप आणि लेक. मात्र जिथे चूक झाली असेल तिथे ‘आम्ही’ म्हणजे फक्त बाप समजावा.

आमची नोकरी गुजरात सरकारची, पाणीपुरवठ्याची. शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा. रोजचा संबंध पंप, व्हॉल्व्ह, गळती आणि तक्रारी यांच्याशी. त्यामुळे मुलाने जेव्हा सांगितलं की संगणकात पाणी फिरवायचंय, तेव्हा आधी हसू आलं आणि मग भीती वाटली. पाणी आणि वीज एकत्र येऊ द्यायची नाही, हेच तर वीस वर्षं शिकवत आलो!

ही २०२३ सालातली गोष्ट. मुलगा अकरावीत होता. घरात वयात आलेली मुलं ज्यांनी सांभाळली आहेत त्यांना फोड करून सांगायला नको. खोलीचं दार बंद, आणि बोलणं ‘जेवायला ये’ आणि ‘आलो’ एवढंच. त्या दारातून एक दिवस तो वही घेऊन बाहेर आला. चार पानं भरून सामानाची यादी, प्रत्येकापुढे किंमत. पैसे थकबाकीचे आले होते, पण ते स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ठेवलेले. आमच्या सौभाग्यवतींनी यादी वाचली नाही, फक्त विचारलं, “हे यंत्र कुठे ठेवणार?” मुलगा म्हणाला, “माझ्या खोलीत.” त्या म्हणाल्या, “दिवाणखान्यात ठेवणार असलास तर ओटा पुढच्या वर्षी करू.” असा सौदा ठरला. संगणकाची जागा दिवाणखान्यात, खिडकीजवळ. ही खिडकी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता ज्येष्ठांसाठी थोडं मूळापासून. संगणक बोर्डातून जेवढी वीज घेतो, तिची शेवटी उष्णताच होते. आमच्या यंत्रात मुख्य प्रोसेसर आणि चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड, दोन्ही मिळून भर खेळात साधारण ३५० वॅट खातात. म्हणजे कपड्यांची अर्धी इस्त्री एका पेटीत सतत चालू. त्यातही प्रोसेसरची चिप अंगठ्याच्या नखाएवढी. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता काढायची, तर नेहमीचा पंखा जोरात फिरतो आणि घरभर घोंघावतो. हवेच्या मानाने पाणी तेवढ्याच आकारमानात साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणून चिपेवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पाणी खेळवायचं, ते रेडिएटरमध्ये न्यायचं, तिथे मोठे पंखे सावकाश फिरवून उष्णता हवेला द्यायची आणि पाणी परत आणायचं. मोटारीच्या इंजिनात जे चालतं तेच.

आपल्यापैकी निम्मे सभासद यार्नच्या कारखान्यांत आहेत. त्यांना हे नवीन नाही, कूलिंग टॉवर आणि चिलर ते रोज बघतात. संगणकाच्या जगातही ते जुनंच आहे. आयबीएमने १९६०च्या दशकातच मोठ्या यंत्रांतून पाणी फिरवलं. १९८५च्या ‘क्रे-२’ महासंगणकात तर अख्खे सर्किट बोर्डच एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असत. आणि आपल्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झाली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, हे इथल्या बहुतेकांना पाठ आहे. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्याच ‘परम’ नावाच्या परंपरेतला ‘परम ब्रह्म’ २०१९ साली पुण्याच्या आयसर या संस्थेत बसला. त्याची क्षमता ७९७ टेराफ्लॉप, आणि त्याच्या प्रोसेसरची उष्णता पाण्याने काढली जाते. मुलाने हे सांगितल्यावर आमचा विरोध बराच मावळला. पुण्याच्या शास्त्रज्ञांना चालतं, तर आमच्या दिवाणखान्यात का नको?

सामान आणायला आम्ही वापीहून फ्लाइंग राणीने मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवर दिवसभर हिंडलो. डॉ. भडकमकर मार्ग हे त्याचं खरं नाव, पण ते तिथे कोणी घेत नाही. एका दुकानात रेडिएटर निम्म्या किमतीत मिळत होता. हातात घेतला तर हलका. अॅल्युमिनियमचा! इथे आमची नोकरी उपयोगी पडली. जीआय पाइपाला पितळी व्हॉल्व्ह जोडला की सांध्यापाशी पाइप कसा खाल्ला जातो, हे आम्ही गावोगाव बघितलंय. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की त्यातला एक झिजतो. तांब्याच्या ठोकळ्याबरोबर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा, यावर आम्ही अडून बसलो. मुलाने मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने आमचं काहीतरी वहीत लिहून घेतलं. ग्राफिक्स कार्डाचा ठोकळा मात्र चुकीचा आणला. तो कार्डाच्या नेमक्या मॉडेलचाच लागतो, नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी भोकं जुळत नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा राणी.

जोडणी दिवाळीच्या सुट्टीत केली. त्यात एका गोष्टीने आम्हाला रात्रभर झोप लागू दिली नाही. पंप! जेमतेम वीस-पंचवीस वॅटचा, मुठीत मावणारा. आमच्या हाताखाली दहा-दहा हॉर्सपॉवरचे पंप टाकीपर्यंत पाणी चढवताना धापा टाकतात, आणि हा खेळण्यातला पंप पेटीच्या माथ्यापर्यंत पाणी कसा नेणार? कागदावर आकडे मांडले तेव्हा उलगडा झाला. टाकीत पाणी चढवून सोडून द्यायचं असेल तर उंचीचा भार पंपावर येतो. इथे वाट बंद आहे. एकदा नळ्या पूर्ण भरल्या की जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली उतरतं, आणि उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलतं. पंपाला राहतं फक्त घर्षण. वीस वर्षं पंपांत घालवून हे आम्हाला दिवाणखान्यात कळलं.

त्याच कागदावर आणखी एक हिशेब केला. मिनिटाला चार लिटर पाणी फिरलं, तर ३५० वॅट उष्णता घेऊन ते फक्त सव्वा अंशाने तापतं. म्हणजे पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचं की आधी ग्राफिक्स कार्डाकडे, यावर मुलं तासन्‌तास वाद घालतात त्यात फारसा अर्थ नाही. पण रेडिएटरचे पंखे बंद पडले, तर नळ्यांतलं ते एक लिटर पाणी दर बारा सेकंदांना एक अंश चढतं, सहा मिनिटांत तीस अंश. म्हणून पाणी ‘थंड करतं’ हा शब्द चुकीचा आहे. पाणी हमाल आहे. ओझं उतरवायला हवाच लागते. त्यामुळे आपल्या मे महिन्यात खोली ३७ अंशांवर असली, तर आतलं पाणी ३७च्या खाली कधीच येणार नाही, कितीही महाग सामान बसवा.

यावर मुलाने विचारलं, “बाबा, मग माठातलं पाणी कसं गार होतं?” प्रश्न चांगला होता. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. कूलिंग टॉवरचं गुपितही तेच. आमच्या नळ्या बंद, तिथे काही उडत नाही. मग त्याने बर्फ घालायची कल्पना काढली. त्याला पावसाळ्यातली थंड बाटली दाखवली. आपल्या दमट हवेत तिला बाहेरून कसा घाम फुटतो! तसा घाम बोर्डावर फुटला तर ओट्याचे पैसे संपले. बर्फ रद्द.

गळतीची परीक्षा आम्ही खात्याच्या शिस्तीने घेतली. बाकी यंत्राला वीज न देता फक्त पंप चालवायचा, प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळायचा आणि चोवीस तास थांबायचं. तिसऱ्या तासाला एक कागद ओला झाला. एक रबरी रिंग बसवताना चिमटली होती. ती बदलली आणि चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी यंत्र सुरू झालं. आवाज? घरातल्या फ्रिजपेक्षा कमी.

आता चुकीकडे येतो. पाणी कोणतं घालायचं, हा प्रश्न मुलाने विचारला होता. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं, डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात शेवाळ रोखणारं औषध. आम्ही म्हणालो, पाण्यातलं आम्हाला शिकवू नकोस, घरच्या आरओचं पाणी शुद्धच असतं. आणि नळ्या घेतल्या होत्या पारदर्शक, आत पाणी फिरताना दिसावं म्हणून.

२०२४चा मे. खात्यात टंचाईचे दिवस, टँकरच्या फेऱ्या, गावागावांतून फोन. रात्री दहाला घरी यावं तर मुलगा यंत्रापुढे. आणि यंत्र अडखळत होतं. प्रोसेसर ९५ अंशांवर जात होता, तिथे तो स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. आम्ही दिवसभराचा राग त्याच्यावर काढला. रात्रंदिवस खेळून यंत्र जाळलंस, आईचा ओटा जाळलास, असं बरंच. तो एवढंच म्हणाला, “बाबा, पाणी हिरवं झालंय.” आणि खोलीत जाऊन दार लावलं. पुन्हा तेच दार. तीन दिवस ‘जेवायला ये’, ‘आलो’.

चौथ्या दिवशी, रविवारी, मंडळातलेच एक स्नेही घरी आले. ते यार्नच्या कारखान्यात युटिलिटी सांभाळतात. त्यांनी खिडकी बघितली, नळ्या बघितल्या आणि हसून विचारलं, “साहेब, तुमच्या टाकीत क्लोरीन किती?” ठोकळा उघडला. तांब्याच्या आतल्या खाचा केसासारख्या बारीक असतात, त्या सगळ्या हिरव्या चिकट थराने बुजलेल्या. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, क्षार थोडे राहतात, आणि खिडकीतून रोज ऊन. शेवाळाला आणखी काय हवं? नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन राहिलं पाहिजे, हे गावोगाव बजावत फिरणारे आम्ही, आणि घरातल्या एक लिटर पाण्यात ते विसरलो.

मुलाला बाहेर बोलावलं. स्नेह्यांसमोरच सांगितलं की चूक आमची होती, तुझी वही बरोबर होती, आणि जे बोललो ते बोलायला नको होतं. तो काही बोलला नाही. आत गेला आणि दोन जुने मऊ टूथब्रश घेऊन आला. एक आमच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. दुपारभर दोघांनी खाचा घासल्या. नंतर काळ्या रबरी नळ्या बसवल्या, त्यातून उजेड आत जात नाही, आणि संगणकासाठीच मिळणारं तयार शीतक भरलं. ठोकळा तांब्याचा लाल लाल दिसत होता. त्या उन्हाळ्यात प्रोसेसर पुन्हा ऐंशीच्या वर गेला नाही. मुलाचं दार रात्री झोपेपर्यंत उघडंच असायचं. ते संगणकामुळे की आणखी कशामुळे, हे विचारायच्या फंदात आम्ही पडलो नाही.

यंदा त्याची बारावी झाली आणि पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. यंत्र बरोबर न्यायचं ठरलं. पाणी भरलेला संगणक गाडीत घालता येत नाही, आधी सगळं रिकामं करावं लागतं. जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघे जमिनीवर बसलो, पेटी तिरकी करून बादलीत शीतक काढलं. सौभाग्यवती म्हणाल्या, तुळशीला घालू का? दोघे एकदम ओरडलो, नको! त्यात औषध आहे. शेवटचे थेंब निघायला तासभर लागला. तेवढ्या वेळात त्याने पुण्याच्या खोलीची, मेसची, आणि एका मुलाशी झालेल्या भांडणाची अशी पुष्कळ माहिती आपणहून दिली.

पुण्याला पेटी पुन्हा त्याने एकट्यानेच भरली. भरताना फोन केला होता. आम्ही पहिला प्रश्न विचारला, चोवीस तास ठेवलंस का? त्याने टिश्यू पेपरचा फोटो पाठवला. कोरडा होता.

इकडे दिवाणखान्यातली खिडकी मोकळी झाली आहे, आणि ओट्याचा ग्रॅनाइट गेल्या आठवड्यात बसला. ज्यांना बघायचा असेल त्यांनी चहाला यावं.