दाबाचा आकडा आणि आगीचे पाणी



अंबरनाथच्या आनंदनगरातील कारखान्यात, उल्हासनगरच्या पाच मजली इमारतीत किंवा बदलापूरच्या माणकिवलीतील गोदामात छताखाली स्प्रिंकलरचे नळ दिसले, की तिथे काम करणाऱ्याला स्वाभाविकच दिलासा वाटतो. त्या नळांच्या पाणीपुरवठ्याची चाचणी झालेली असते, अहवाल कचेरीतल्या फाइलला लागलेला असतो, आणि त्यात बहुधा एकच आकडा ठळकपणे लिहिलेला असतो: दाब तीन किलो. हा आकडा खोटा असतो असे नव्हे. परंतु तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न आगीचा नाही.

बंद झडपेमागे उभे असलेले पाणी जो दाब दाखवते तो स्थिर दाब. पाणी किती उंच चढू शकेल एवढेच त्यावरून समजते. किती येईल हे समजत नाही. एकाच टाकीला अर्ध्या इंचाची नळी आणि सहा इंचांचा नळ जोडला, तर तोटी बंद असेतो दोघांचे गेज एकच आकडा दाखवतील. म्हणून खऱ्या चाचणीत तीन आकडे असावे लागतात: स्थिर दाब, एक हायड्रंट उघडून पाणी वाहत असताना शेजारच्या हायड्रंटवर उरलेला दाब, आणि त्या क्षणी मिनिटाला किती लिटर पाणी वाहत होते त्याचे मोजमाप. यांतला एक जरी गाळला तरी उरलेल्या दोहोंना फारसा अर्थ उरत नाही.

समजा, स्थिर दाब तीन किलो आहे. मिनिटाला 1,000 लिटर पाणी सोडल्यावर तो दोन किलोवर आला, म्हणजे एक किलोची घट झाली. आता दुप्पट पाणी हवे असेल तर घटही दुप्पट होईल असे त्रैराशिक सामान्य बुद्धी मांडते. नळातले घर्षण ते मानत नाही. पाणी दुप्पट केले की घट सुमारे 3.6 पट होते, आणि मुळात दाबच तीन किलो असल्याने 2,000 लिटर ह्या नळातून कधीच मिळणार नाही. दाब एक किलोपर्यंत उतरू दिला तरी मिळेल ते सुमारे 1,450 लिटर. शिवाय दर दहा मीटर उंचीला एक किलो दाब खर्ची पडतो. पंधरा मीटरवरच्या मजल्याला तीनपैकी दीडच किलो उरतो, तोही पाणी वाहू लागण्यापूर्वी.

दुसऱ्या बाजूला गरज काय? सर्वसाधारण स्प्रिंकलर एक किलोच्या आसपास दाब असताना मिनिटाला जवळजवळ 80 लिटर पाणी टाकतो. दाब निम्मा झाला तर 57 लिटरच्या आसपास. आगीत बारा स्प्रिंकलर उघडले तर हजार लिटरांची बाब झाली, आणि तासभर चालवायचे तर 60,000 लिटरांची. म्हणजे दहा हजारी सहा टँकर. पुरवठ्याची रेषा ह्या गरजेच्या वर राहते की खाली जाते, हे पाहणे म्हणजेच अहवाल वाचणे.

इथवरचे गणित जगात कुठेही सारखेच आहे. पण ज्या देशांत ते रचले गेले, तिथे रस्त्याखालच्या नळात चोवीस तास पाणी असते. उल्हासनगरचे तसे नाही. स्वतःचा जलस्रोत नसल्याने ह्या शहराने वर्षानुवर्षे एमआयडीसीचे, म्हणजे मुख्यतः बारवीचे, पाणी विकत घेतले. अंबरनाथ-बदलापूरच्या वस्तीला जीवन प्राधिकरण पाणी देते. त्याचा मोठा भाग बदलापूरच्या बंधाऱ्यावरून उल्हास नदीतून उचललेला असतो. वस्तीत पाणी ठरावीक वेळेला येते, दुरुस्तीच्या दिवशी येतच नाही. सकाळी पाणी सुटल्यावर घेतलेल्या चाचणीला रात्री दोनच्या आगीसंबंधी काहीही सांगता येत नाही.

म्हणून येथे स्प्रिंकलरचा खरा आधार रस्त्यावरचा नळ नसून आवारातली टाकी आणि पंप हा आहे. पंपाच्या चाचणीतही तीच फसगत होते. झडप बंद ठेवून पंप चालवला की गेजचा काटा झोकात वर जातो आणि पाहणारे समाधानाने परततात. पाणी सोडून पाहिले पाहिजे: ठरलेल्या प्रवाहाच्या दीडपट पाणी सोडल्यावर नेमून दिलेल्या दाबाच्या 65 टक्के तरी दाब टिकला पाहिजे. वीज तोडून डिझेलचा पंप चालवून पाहिला का, हेही विचारावे.

टाकीचा प्रश्न मात्र यंत्राचा नाही, अर्थशास्त्राचा आहे. जिथे पिण्याला पाणी पुरत नाही तिथे आगीसाठी राखलेले साठ हजार लिटर पाणी रोज नजरेसमोर निष्क्रिय पडून असते. दोन दिवस पाणी आले नाही की रहिवासी किंवा व्यवस्थापक त्याला हात लावणारच. त्यात दुष्टपणा नसून टंचाई आहे. उपदेशाच्या पाट्यांनी हे थांबत नाही. घरगुती वापराचा नळ टाकीच्या वरच्या पातळीला आणि आगीच्या पंपाचा तळाशी जोडला, म्हणजे राखीव साठा वापराच्या आवाक्यातच येत नाही. अहवालात टाकीचे आकारमान लिहिलेले असते; त्या दिवशी प्रत्यक्ष पातळी किती होती, हे क्वचितच.

स्प्रिंकलरचा इतिहास ह्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेतील हेन्री पार्मली ह्याने 1874 साली स्वतःच्या पियानोच्या कारखान्यासाठी तो बसवला, आणि पुढे त्याचा प्रसार झाला तो विमा कंपन्यांनी हप्त्यात सूट दिल्यामुळे. माल वाचवण्यासाठी जन्मलेल्या साधनाचा अहवाल मालक आणि विमेदार यांच्यातच राहावा, ही प्रथा तिथून आली असावी. परंतु छताखाली उभा असतो तो कामगार. 1948च्या कारखाना कायद्यात भोपाळनंतर, 1987 साली, घातक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी कामगार व व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधित्वाची सुरक्षा समिती आली. अशा समितीत बसलेल्या प्रतिनिधीने तीन आकड्यांचा तक्ता मागितला, तर त्याला तांत्रिक ज्ञान नाही असे म्हणून वाटेला लावता येणार नाही.

महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ब नमुन्यातील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, देण्याचे बंधन घातले. बंधन योग्यच आहे. पण जुलैत उल्हास नदी दुथडी वाहते, आणि जानेवारीत धरणात पाणी असते. पाणीकपात होते ती एप्रिल-मेमध्ये. शेजारच्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतले दोन मोठे स्फोट 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी झाले. स्प्रिंकलरने स्फोट टळत नाही हे खरे. स्फोटानंतर शेजारच्या शेडमध्ये पसरणाऱ्या आगीला मात्र पाणी लागते. तेव्हा प्रमाणपत्राच्या दोन तारखांखेरीज तिसरी चाचणी मे महिन्यात, पाणी बंद असलेल्या दिवसाच्या अखेरीस, टाकीत असेल तेवढ्या पाण्यावर व्हावी, आणि तिचे तिन्ही आकडे कारखान्याच्या दाराशी, हजेरीच्या तक्त्याशेजारी लावले जावेत.